मांजराच्या मिशा

लॅबमध्ये मी तिला वाढवते.
काचेच्या ताटलीत, आगरवर, पंचवीस अंशांवर,
कुणाच्या नखाचा तुकडा, कुणाचा बेडका,
दोन-तीन आठवडे वाट पाहायची,
कडेनं मखमल धरू लागली की
रिपोर्टात लिहायचं: बुरशी आढळली.
खाली सही. माझी.

मिरजेत, दवाखान्यांच्या या गावात,
अशा सह्या करून मी घरी येते
तर पलंगामागे, कपाटाआड,
वीतभर रुंद, हातभर लांब
तीच बसलेली. बिनसहीची.

रूथनं तिला मेणखडूनं मिशा काढल्या होत्या.
दोन्ही अंगांना तीन-तीन.
"आई, हे आपलं मांजर. रात्री खोकतं."
खोकत होती रूथ.
आणि सामू, दहा महिन्यांचा,
भिंत धरून उभं राहायला शिकत होता,
हाताला लागेल ते तोंडात.

आवटीकाका म्हणाले, जुनं बांधकाम, ओल धरणारच,
दोन हात डिस्टेंपर मारू, दिसायचीसुद्धा नाही.
म्हटलं, काका, दिसत नाही
तेच बघायचा मला पगार मिळतो.

प्लंबर आला, बेडगचा मुनीर.
वरच्या मगदुमांच्या बाथरूममधला एल्बो
केसाएवढा फुटलेला.
सात महिने एकेक थेंब
कुणाच्या बिलात न येता
आमच्या भिंतीत येत होता.
एल्बो एकशेवीसचा. भांडण जिन्यातलं, दोन दिवसांचं.

मग रविवारी, उपासना झाल्यावर,
योनातान मुलांना घेऊन मालगावला निघाला, आत्याकडे.
"मदतीला थांबू का?"
"उद्यापर्यंत यांना आणू नकोस. हीच मदत."

पंखा बंद. मधलं दार बंद, फटीत ओला टॉवेल.
खिडकी सताड.
मास्क, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा
(विकत आणलेले, लॅबचे नाहीत).
कोरडा ब्रश लावायचा नाही.
कोरडी खरवडली की ती उडते
आणि उडाली की सगळं घर तिचं.
आधी भिजवायची. साबणाचं पाणी, हळू,
झोपलेल्या बाळाचं तोंड पुसावं तसं.
मग घासायची. मग पुसायची. फडकं परत बादलीत नाही,
पिशवीत.

समोरच्या खिडकीतून इंदुताई ओरडल्या,
"ॲसिड ओत की, आणि वर ब्लीच,
एका दमात जाईल!"
जाईल हो. दमच जाईल.
ही दोन एका बादलीत आली की
मांजराआधी माणूस आडवा होतो.
त्यांना एवढं सांगायला मास्क काढावा लागला असता.
नुसता हात हलवला.

पुठ्ठ्याची खोकी, उशी,
आणि कापसाचा हत्ती, ज्याच्या कानात ती शिरली होती,
काळ्या पिशवीत. दोनदा गाठ.
हत्तीच्या वेळी जरा थांबले.
मग गाठ मारली.

शेवटी मिशा उरल्या.
मांजर गेलं, मेणाच्या सहा रेघा
साबणाला दाद देईनात.
मी फार घासल्या नाहीत.

चार दिवस टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून.
कपाट आता वीतभर पुढे,
जाता-येता गुडघ्याला लागतं.
काकांना सांगितलंय, रंग एवढ्यात नको.

रूथ परतली. भिंतीपुढे उभी.
"कुठं गेलं?"
म्हणणार होते, शेतात गेलंय, उंदीर धरायला.
म्हटलं, धुऊन टाकलं. त्यानं तुला खोकला येत होता.
"त्याला सांगितलंस?"
याचा रिपोर्ट माझ्याकडे नव्हता.

रात्री कधीतरी उठते.
हाताची मागची बाजू
आधी तिच्या कपाळाला, मग त्याच्या,
मग कपाटामागच्या फटीत हात घालून
भिंतीला.
गार लागते.
ओली नाही. बहुतेक.